मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

जुन्या वाड्यांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना न्हाणीघरातील मोरी आठवत असेल. रात्री निजानीज होण्यापूर्वी घरातील कर्ती स्त्री त्या मोरीच्या तोंडाशी चिंध्यांचा बोळा घट्ट बसवून येई. त्या वाटेने उंदीर, घूस, क्वचित एखादा सरपटणारा जीव घरात शिरू नये, एवढाच त्यामागचा हेतू. ही खबरदारी योग्यच होती. पण मोरीचा बोळा तीनतीनदा चाचपून पाहिला आणि दिंडीदरवाजाला अडसर घालायचे मात्र राहून गेले, तर त्या खबरदारीचे मोल ते काय? आपल्या बायाबापड्यांनी या प्रकाराला मोठे मार्मिक नाव देऊन ठेवले आहे : मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

या म्हणीतील गृहस्थ आळशी नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तो दक्ष आहे, कष्टाळू आहे, अंधारात उठून बोळा तपासणारा आहे. त्याची दक्षता भलत्या ठिकाणी खर्ची पडली एवढाच त्याचा दोष. आणि घर लुटले जाण्यास तेवढा पुरेसा होतो. संस्थांचेही असेच आहे. त्या नेहमी आळशी माणसांमुळेच बुडतात असे नाही. कित्येकदा अत्यंत दक्ष माणसे भलतीकडे पाहत राहिल्यामुळे त्या बुडतात. शाळा असो, पतपेढी असो, कारखाना असो वा आपले महाराष्ट्र मंडळ असो, तिच्या चालकापाशी लक्ष नावाचे एक भांडवल असते आणि ते अतिशय मोजके असते. पैसा कर्जाने मिळतो, माणसे पगाराने मिळतात. लक्ष मात्र उसने आणता येत नाही. ते कोठे गुंतवावे, हा या महिन्याचा आमचा विषय.

या प्रश्नावर शास्त्र उभे राहिले आहे. व्हिलफ्रेडो पारेटो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपत्तीच्या वाटणीचा अभ्यास केला आणि थोड्यांच्या हाती पुष्कळ असते, हे आकड्यांनी दाखवले. पुढे जोसेफ जुरान या अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञाने तोच विचार कारखान्यांतील दोषांना लावून पाहिला. मालात दोष शेकडो आढळतात, पण त्यांच्या मुळाशी गेले तर कारणे मोजकीच निघतात. म्हणून महत्त्वाचे थोडे आणि किरकोळ पुष्कळ यांची निवड आधी करावी, असे तो सांगे. गुणवत्ता नियंत्रणावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १९५१ साली निघाला आणि १९५४ साली जपानी कारखानदारांनी त्याला व्याख्यानांसाठी पाचारण केले. तथापि हा विचार समजावून घेण्यासाठी टोकियोची वाट धरण्याचे कारण नाही. तो आमच्या हुबळी-धारवाडात पाहावयास मिळतो.

हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे विस्तीर्ण आवार आहे. राज्य पुनर्रचनेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबर १९५७ रोजी, गांधीविचाराच्या मंडळींनी या संघाची स्थापना केली. खेड्यांतील कातणारे आणि विणणारे हात रिकामे राहू नयेत, हा त्यांचा उद्देश. या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय मानक ब्यूरोने संघाला राष्ट्रध्वज तयार करण्याचा परवाना दिला, आणि पुढे बराच काळ असा परवाना असलेली देशातील एकमेव संस्था म्हणून हुबळीचे नाव सर्वतोमुखी झाले. ध्वजाचे कापड बागलकोटकडील केंद्रात हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर विणले जाते. आमच्या धारवाड तालुक्यातील गरग हे गावही ध्वजाच्या खादीसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. कापड विणून झाले की विरंजन आणि रंगाई होते, पांढऱ्या पट्ट्यावर अशोकचक्र छापले जाते, तिन्ही पट्टे शिवून जोडले जातात आणि शेवटी दोरी व लाकडी खुंटी बसवली जाते. या कामात बहुसंख्य हात स्त्रियांचे आहेत.

या ध्वजाला जी कसोटी लावली जाते ती ऐकण्यासारखी आहे. देशात भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिने १९५१ साली राष्ट्रध्वजाचे मानक प्रसिद्ध केले आणि त्या मानकाला क्रमांक दिला १. पुढे १९६४ आणि १९६८ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. ध्वजाची लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण ३ : २ असलेच पाहिजे. आकार नऊच : सर्वांत मोठा ६३०० मिलिमीटर लांब आणि ४२०० मिलिमीटर रुंद, सर्वांत लहान १५० आणि १०० मिलिमीटरचा, टेबलावर ठेवण्याचा. तिन्ही पट्टे समान. चक्राचे आरे २४, सारख्या अंतरावर, आणि चक्र दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजे. सुताचा पोत, कापडाची ताकद, रंगाची नेमकी छटा, तो रंग उन्हात आणि धुण्यात किती टिकतो, शिलाई, दोरी, प्रत्येकाची परीक्षा ठरलेली. छटा किंचित उतरली तरी कापड बाद.

आता दुसरी बाजू पाहा. खादी भांडारात सदऱ्याचे कापड घेताना एखादा धागा जाड, एखादा बारीक असतो. दोन ताग्यांच्या रंगांत थोडा फरक असतो. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. तो खडबडीतपणा हीच हातकामाची खूण मानून आपण तो आवडीने अंगावर वागवतो. म्हणजे तोच कापूस, तसेच चरखे आणि तसेच माग. सदरा होणार असेल तर थोडी उणीव खपते. ध्वज होणार असेल तर केसभरही खपत नाही. प्रत्येक टॉवेल आणि सतरंजी याच कसोटीला घासावयाची असे कोणी ठरवले, तर खादीची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर जाईल आणि तपासनीस थकून गेल्यावर ध्वजच नजरेतून निसटू लागतील. कडक देखरेखीची गरज वस्तूवर अवलंबून नसते, त्या वस्तूकडून कोणते काम घ्यावयाचे आहे त्यावर असते. कोठे सैल सोडावे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कोठे घट्ट धरावे हेही उमगत नाही.

ध्वजाच्या या उदाहरणावरून महत्त्वाचे काम ओळखण्याच्या तीन खुणा आम्हांला सांगाव्याशा वाटतात. पहिली खूण : ते बिघडले असता बाकीचे सारे चांगले असूनही व्यर्थ जाते. कापड उत्तम, शिलाई उत्तम, पण चक्र तिरपे. तर तो ध्वज ध्वजच नव्हे. दुसरी खूण : तेथे झालेली चूक मागाहून दुरुस्त होत नाही. रंग चढण्यापूर्वी कापडातील दोष कळला तर कापड बाजूला काढता येते. शिवून झाल्यावर कळला तर सगळ्यांचेच श्रम वाया जातात. म्हणून शहाणा तपासनीस परतीची वाट बंद होण्याच्या अलीकडे उभा राहतो. तिसरी खूण आमच्या मते सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित : बिघडलेले असूनही ते स्वतः ओरडत नाही. गळणारा नळ ओरडतो, न मिळालेला पगार ओरडतो, मोडका बाक कुरकुरतो. त्यांच्यासाठी वेगळी देखरेख ठेवण्याचे कारण नाही. ते आपली दाद आपणच लावून घेतात. उन्हात विटू शकणारा रंग मात्र दुकानात अगदी ताजा दिसतो आणि चार महिन्यांनी दगा देतो. जे मुके आहे, त्याच्याकडे कोणीतरी मुद्दाम जाऊन पाहावे लागते.

महत्त्व आणि किंमत यांची गल्लतही येथेच टाळावी. ध्वजाची दोरी आणि तिच्या टोकाची खुंटी या पैशाच्या हिशेबात क्षुल्लक वस्तू. पण २६ जानेवारीच्या सकाळी सारे गाव मैदानात उभे असता, पाहुण्यांनी दोरी ओढली आणि गाठ सुटली नाही, तर त्या क्षणी मैदानावरील सर्वांत महत्त्वाची वस्तू ती दोरीच असते. आमचे व्यायामशिक्षक आदल्या संध्याकाळी ती गाठ स्वतः बांधून, सोडून, पुन्हा बांधून पाहतात. मंडपाच्या पताका मात्र सातवीच्या मुलांवर सोपवतात. व्यवस्थापनाची पदवी त्यांच्यापाशी नाही, पण विद्या आहे. रुग्णालयांच्या औषधभांडारातही हाच विवेक शिकवतात. जी औषधे नसली तर रोगी दगावेल ती एका बाजूस, जी असावीत ती दुसऱ्या बाजूस, असली तर बरी ती तिसऱ्या बाजूस. शेतीच्या मुलखातील आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस वर्षभरात थोड्यांनाच लागेल. तरी साठा रोज पाहावयाचा तो तिचा.

इतिहासाकडे वळले तर आपल्या पूर्वजांनाही हे कळत होते असे दिसते. शिवछत्रपतींच्या राज्यात गावे शेकडो होती. प्रत्येक गावच्या चावडीवर राजाची नजर पोहोचणे शक्य नव्हते. किल्ल्यांच्या बाबतीत मात्र व्यवस्था निराळी होती. एकाच किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी नेमलेले असत. पहारा आणि दरवाजे एकाकडे, हिशेब आणि हजेरी दुसऱ्याकडे, दाणागोटा आणि सामग्री तिसऱ्याकडे. एकट्याने फितूर होऊन किल्ला शत्रूच्या हवाली करावा, अशी सोयच ठेवली नव्हती. कारण मुलूख गेला तर किल्ल्याच्या आधाराने परत मिळवता येतो. किल्ला गेला की मुलूख राखता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण एवढे विस्ताराने यावे, यामागचा विचार हाच.

याचा पडताळा धारवाडकरांना आपल्या गावातच मिळतो. येथील किल्ला तेव्हा टिपू सुलतानाकडे होता आणि बद्रुज्जमानखान त्याचा किल्लेदार होता. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने, इंग्रजांची तुकडी जोडीला घेऊन, १७९० च्या सप्टेंबरात त्याला वेढा घातला. आसपासचा मुलूख मोकळा होता, फौज मोठी होती. तरी किल्ला हाती येण्यास १७९१ चा एप्रिल उजाडावा लागला. सहा महिन्यांहून अधिक काळ एका भुईकोटाने एवढ्या सैन्याला खिळवून ठेवले. कोठे बळ साठवावे हे किल्ला बांधणाऱ्याने ओळखले होते, एवढाच त्याचा अर्थ.

मग शहाण्यासुरत्या माणसांची नजर महत्त्वाच्या गोष्टीवरून सरकते ती का? आमच्या मते त्याचे कारण असे की, महत्त्वाचे मोजणे कठीण असते आणि किरकोळ मोजणे सोपे असते. देवीच्या रोगाची गोष्ट या बाबतीत उद्बोधक आहे. आमच्या पिढीतील ज्या वाचकांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, त्यांना ती जवळची वाटेल. १९६२ साली देशात देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. उद्दिष्ट ठरले ते किती जणांना लस टोचली याचे. आकडा वाढत गेला. पण तो वाढला कसा? शाळेत रांगेने उभी राहणारी मुले सहज हाती लागत, म्हणून त्यांनाच पुन्हा पुन्हा टोचले जाई. भटके, मजूर, दाट वस्तीतले गरीब राहून जात, आणि साथ त्यांच्यात घर करून राही. तक्ते भरत होते आणि माणसे मरत होती. १९७३ च्या शरद ऋतूपासून पद्धत बदलली. घरोघर जाऊन रोगी शोधायचा, दाखवून देणाऱ्याला बक्षीस द्यायचे, आणि रोगी सापडला की त्याच्या भोवतालच्या प्रत्येकाला लस टोचून साथीची कोंडी करायची. प्रश्न बदलला : किती लशी दिल्या याऐवजी रोगी उरला कोठे, असे विचारले जाऊ लागले. १९७५ च्या मे महिन्यात देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला आणि १९७७ च्या एप्रिलमध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. शतकानुशतके ठाण मांडून बसलेला रोग, प्रश्न नेमका विचारल्यावर दोन वर्षांच्या आत हटला.

आता आमच्या घरच्या दुखण्याकडे येतो. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या टेबलावर किती वह्या असतात याची बाहेरच्यांना कल्पना नसते. हजेरीपट, दाखल-खारीज, रोकडवही, जडवस्तू संग्रह, आवक-जावक, समितीच्या बैठकांचे इतिवृत्त, पाठ्यपुस्तकांचे आणि गणवेशांचे वाटप. त्यात आता संगणकावरील नोंदींची भर. यांपैकी एकही वही निरर्थक नाही. सरकारी पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे. पण या साऱ्या वह्या अद्ययावत असूनही चौथीच्या वर्गातला एखादा मुलगा पुस्तकातील परिच्छेद वाचू शकत नाही, असे घडू शकते. आणि कोणत्याही वहीत त्याची नोंद सापडत नाही. तो रोज हजर असतो. हजेरीपटात तो आदर्श विद्यार्थी असतो. तो शेजारच्याचे ओठ पाहून कविता म्हणतो, फळ्यावरचे चित्रासारखे उतरवून घेतो, आणि ओरडत मुळीच नाही. वर सांगितलेल्या तिन्ही खुणा येथे एकवटतात. वाचता आले नाही तर इतिहास, विज्ञान, गणित सारेच व्यर्थ. वय निघून गेले की दुरुस्ती दुर्घट. आणि स्वतः होऊन तो मुलगा कधीही सांगत नाही.

एका तपासणीचा प्रसंग आम्हांला आठवतो. पाहुण्या अधिकाऱ्यांनी दिवसभर वह्या चाळल्या, दोन ठिकाणी सही राहिल्याचे दाखवून दिले, भिंतीवरील तक्त्यांची प्रशंसा केली आणि संध्याकाळी ते निघून गेले. वर्गात जाऊन एकाही मुलाच्या हाती पुस्तक देऊन, बाळ, एवढे वाच पाहू, असे त्यांनी म्हटले नाही. ते गृहस्थ कर्तव्यदक्ष होते. त्यांच्या हातात जो छापील तक्ता दिला होता त्यात तो प्रश्नच नव्हता. माणूस त्याला दिलेल्या तक्त्याप्रमाणे पाहतो. म्हणून तक्ता करणाऱ्याची जबाबदारी पाहणाऱ्याहून मोठी. या दृष्टीने केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी जाहीर केलेली निपुण भारत मोहीम आम्हांला स्वागतार्ह वाटते. तिसरी पूर्ण होईतो प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड करता यावी, असे एकच लक्ष्य तिने पुढे ठेवले. भीती एवढीच की, त्यासाठीही पुन्हा एक वही निघेल आणि ती भरण्याच्या नादात मुलाला वाचायला लावण्यास वेळ उरणार नाही.

आमच्या शाळेत आम्ही एक साधा शिरस्ता ठेवला आहे. रोज पहिल्या तासानंतर मुख्याध्यापकाने एका वर्गात जायचे, तीन मुलांना न शिकवलेले पान वाचायला द्यायचे, आणि वाचलेले त्यांच्या शब्दांत सांगायला लावायचे. तीन मुले, दहा मिनिटे. वर्ष सरता सरता शाळेतील प्रत्येक मुलाची गाठ एकदा तरी पडते. शिक्षकांना दटावण्यासाठी हे नाही; अडलेले मूल कोणते, हे त्यांना आणि आम्हांला एकाच वेळी कळावे यासाठी आहे. ती दहा मिनिटे वाचवण्यासाठी आम्ही इतर कामे वाटून दिली. बागेचे काम एका बाईंकडे, क्रीडासाहित्य व्यायामशिक्षकांकडे, सहलीचे सारे नियोजन तरुण शिक्षकांकडे. त्यांनी ते आपल्या मनाने करावे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्हांला सांगावे.

मध्यान्ह भोजनाच्या बाबतीतही असाच एक विवेक नियमातच आहे. कर्नाटकात या योजनेला अक्षर दासोह म्हणतात. अन्न मुलांच्या ताटात पडण्यापूर्वी शिक्षकांनी ते चाखून पाहावे, असा दंडक आहे. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या तेलात रांधलेले अन्न खाऊन २३ शाळकरी मुले दगावली. त्या दुर्घटनेनंतर तरी त्या दंडकाचा अर्थ कोणाला समजावून सांगण्याची गरज राहू नये. तांदळाच्या पोत्यांची मोजदाद चुकली तर उद्या जुळवता येईल. चाखण्याचा घास मात्र वाढण्याच्या आधीच घ्यावा लागतो. त्या दिवसाच्या स्वयंपाकातील दिंडीदरवाजा तोच.

येथे कोणी आक्षेप घेईल की, लहान गोष्टींकडे काणाडोळा केला तर शिस्तच ढासळेल. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे ते रितेही होते. आक्षेप रास्त आहे. पण सैल सोडणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. प्रत्येक किरकोळ कामाला एक जबाबदार माणूस असावा आणि हिशेबाचा एक ठरलेला दिवस असावा; त्या दोहोंच्या मध्ये चालकाने त्यात नाक खुपसू नये. सुतळीच्या गुंडीसाठी जो चालक सही मागतो, त्याच्या हाताखालच्या माणसांना दोन धडे मिळतात. एक, आपल्यावर विश्वास नाही. दोन, सुतळी आणि मुलाचे वाचन यांची योग्यता या संस्थेत सारखीच आहे. दुसरा धडा अधिक घातक. सगळेच तपासले जाते तेथे काहीच नीट तपासले जात नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी गत होते.

वाचकहो, आतापर्यंत शाळेच्या आणि किल्ल्याच्या गोष्टी सांगितल्या. आता आपल्याच अंगणात पाहू. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हुबळी-धारवाडात, बडोद्यात, इंदूरला, हैदराबादला, जेथे गेलो तेथे मंडळे उभारली. त्यांच्या वार्षिक सभांना आम्ही पुष्कळदा गेलो आहोत. जमाखर्च पैपैचा जुळलेला असतो. गणेशोत्सवाच्या मंडपासाठी दर मागवलेले असतात, कोजागरीच्या दुधात साखर कमी पडल्याची चर्चा अर्धा तास रंगते, खुर्च्यांच्या भाड्यावरून दोन सभासदांत वादही होतो. पण आपल्या मुलांपैकी किती जणांना मराठी वाचता येते, हा प्रश्न विषयपत्रिकेवर आल्याचे आम्हांला स्मरत नाही. आमच्या ऐकण्यातील एका गावी मंडळाच्या वाचनालयाची कपाटे नवी झाली, पुस्तकांना क्रमांक पडले, आणि वर्षभरात बालविभागातील एकही पुस्तक घरी गेले नाही. कपाटांचा हिशेब मात्र अचूक होता.

येथेही त्याच तीन खुणा लावून पाहा. घरात मराठी वाचणारा उरला नाही, तर मंडप, दूध आणि खुर्च्या कोणासाठी? एका पिढीत तुटलेले वाचन पुढच्या पिढीत कोण जोडून देणार? आणि ते तुटत असता आवाज होत नाही. मूल घरात मराठी बोलते, आजीशी गप्पा मारते, आरती तोंडपाठ म्हणते. त्यामुळे सारे ठीक आहे असे वाटते. आजीच्या हातचे पत्र उलगडायची वेळ येते, तेव्हा कळते की दरवाजा केव्हाचा मोकळा आहे.

यात कन्नडशी किंवा अन्य कोणत्या भाषेशी स्पर्धा नाही. जेथे राहतो तेथली भाषा मुलांना उत्तम आलीच पाहिजे. ती त्यांच्या पोटापाण्याची आणि शेजारधर्माची भाषा आहे. ज्यांच्या घरची भाषा मराठी, त्या द. रा. बेंद्रे यांनी याच धारवाडात राहून कन्नड काव्याला शिखरावर नेले आणि १९७३ सालचे ज्ञानपीठ मिळवले. दोन भाषा एका घरात सुखाने नांदतात, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. प्रत्येक मंडळाने यंदाच्या वार्षिक सभेपूर्वी एकदा, सणाच्या निमित्ताने मुले जमतील तेव्हा, बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या हाती न वाचलेले मराठी पान द्यावे. स्पर्धा नको, बक्षीस नको, टाळ्याही नकोत. किती जणांनी वाचले आणि अर्थ सांगितला, तो एक आकडा अध्यक्षांनी अहवालाच्या पहिल्या ओळीत, शिल्लक रकमेच्याही वर लिहावा. जी मुले अडली त्यांच्यासाठी रविवारचा एक तास आणि शिकवणारे एक माणूस नेमावे. निवृत्त शिक्षक आपल्यात थोडे नाहीत. मंडप, दूध आणि खुर्च्या तरुण मंडळींवर निर्धास्त सोपवाव्यात. साखर थोडी कमी पडली तर पडू द्यावी. पुढल्या वर्षी तो पहिल्या ओळीतला आकडा वाढला की घटला, एवढे मात्र अध्यक्षांनी स्वतः पाहावे, आणि सभासदांनी सभेत उठून तोच प्रश्न आधी विचारावा.